मगनने पळवलेला अमेरिकन

मगन,

तुझ्या अंत्ययात्रेला माझ्या अंदाजापेक्षा कितीतरी जास्त माणसं आली, आणि ते मला मुळीच आवडलं नाही. मी खांदा द्यायला उभा होतो, डोळे माझेही ओले होते, पण मनात एकच विचार घोळत होता: माझ्या वेळी एवढी येतील का? शहाद्यात केळीने भरलेले ट्रक पाहिले आहेत, उसाच्या बैलगाड्या पाहिल्या आहेत. पण एका वकिलासाठी सातपुड्यातून माणसांनी भरलेले टेम्पो उतरताना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिले. धडगावकडच्या बायका आल्या होत्या. ज्यांच्याविरुद्ध तू खटले लढलास तेही आले होते, आणि तुझ्या पक्षकारांपेक्षा जास्त रडत होते.

मागून कुणीतरी म्हणालं, "भालूवकील, तुम्ही बोला ना दोन शब्द. तुम्ही तर बोलनारा."

बरोबर आहे. या गावातला कुठला सत्कार, कुठलं उद्घाटन, कुठलं लग्न माझ्या आवाजाशिवाय पार पडलंय? गणपतीतल्या नाटकात मी राजा होतो, दुसऱ्या अंकात राक्षसही मीच. पण त्या दिवशी माझं तोंड उघडलं नाही. आणि तू, एकही वाक्य नसलेला, डोळे मिटून पडलेला, अख्खं स्टेज खाऊन गेलास. जुना नट म्हणून सांगतो, हे विसरणं मला जड जाणार आहे.

पण माझं खरं भांडण गर्दीचं नाही. ते आहे आपल्या अमेरिकनचं. माझ्या अमेरिकनचं.

तो मला सापडला होता, मगन. धुळ्याच्या लॉ कॉलेजच्या ग्रंथालयात, कोपऱ्यातल्या कपाटात, करार कायद्याचा अभ्यास चुकवताना. पाठ फाटलेलं एक जाडजूड इंग्रजी पुस्तक, गेल्याच्या गेल्या शतकातल्या तिकडच्या कुठल्याशा राज्यातल्या वकिलांची चरित्रं. त्यात याला जेमतेम तीन पानं होती. नाव इतकं लांबलचक की आपण पहिल्या दिवसापासून त्याला 'अमेरिकन' एवढंच म्हणत आलो. शेतकऱ्याचा मुलगा. कॉलेजचं तोंड न पाहिलेला, दुसऱ्या वकिलाच्या कचेरीत झाडलोट करत कायदा शिकलेला. मग घोड्यावर दोन थैल्या टाकून या गावच्या कोर्टातून त्या गावच्या कोर्टात. तिकडे तेव्हा न्यायाधीशही असाच घोड्यावरून फिरायचा आणि वकिलांचा जथा त्याच्याबरोबर. मुक्कामाच्या खानावळीत खाटा कमी, त्यामुळे दिवसा कोर्टात एकमेकांचे गळे धरलेले दोन वकील रात्री एकाच खाटेवर झोपायचे. पुढे हा निवडणुकीला उभा राहिला, एकदा पडला, नंतर निवडून आला, मोठा पुढारी झाला. आणि ऐन भरात राजकारण सोडून न्यायाधीशाच्या खुर्चीत जाऊन बसला. शेवटचं वाक्य असं होतं की तो शांत स्वभावाचा होता आणि त्याचे निकाल छोटे असत.

त्याच संध्याकाळी खोलीवर मी तुला तो करून दाखवला. उशीचा घोडा केला, तुझ्या टॉवेलचा कोट केला. तू खाटेवरून खाली पडेपर्यंत हसलास. मग उठून बसलास आणि विचारलंस, "मंग?"

"मग काय, मेला."

"असा कसा मरना? खाटवर संगे झोपे, त्या दुसरा वकीलनं काय व्हयनं?"

"पुस्तकात नाही."

"मंग पुस्तकच अर्धं शे."

तेव्हाच मी सावध व्हायला हवं होतं.

पुढे आपण दोघांनी शहाद्यात वकिलीची पाटी लावली. धडगावच्या तारखा आल्या की एकाच एसटीत बसून निघायचो. बहुतेक वेळा एकमेकांविरुद्ध. म्हसावद मागे पडलं की तू डबा उघडायचास. वहिनींची कळण्याची भाकरी, ठेचा, कधी मुगाची उसळ. माझा पक्षकार मागच्या सीटवरून बघत असायचा की आपला वकील विरुद्ध पार्टीच्या वकिलाची भाकरी खातोय. एकाने तर मला विचारलंही, "साहेब, तुमी त्याले आतून मिळेल तर नही ना?" मी त्याला सांगितलं, अमेरिकेत तर एका खाटेवर झोपायचे. त्याचं समाधान झालं नाही, पण वकील बदलण्याइतके पैसे त्याच्याकडे नव्हते.

आणि मग घाटातला तो पंक्चरचा दिवस. स्टेपनीतही हवा नव्हती. मी ड्रायव्हरशी कायद्याच्या भाषेत भांडत होतो. उतरलेल्या प्रवाशांत दोन बायकांची सावलीच्या जागेवरून जुंपली होती, आता हातघाईवर येणार अशी. तू एका दगडावर बसलास आणि कुणाकडेही न बघता म्हणालास, "एक वकील व्हता. अमेरिकाना."

बायका थांबल्या.

मी परत आलो तेव्हा अख्खी एसटी तुझ्याभोवती जमिनीवर बसलेली. माझ्या अमेरिकनला तू एक घोडी दिली होतीस, एका डोळ्याने आंधळी, जी प्रत्येक गावात आपोआप थांबायची, पक्षकार असो वा नसो. "आपली येष्टी जशी," तू म्हणालास, आणि ड्रायव्हरसुद्धा हसला, जो माझ्यावर मघापासून गुरकावत होता. माइक, लाइट, पडदा, रंगभूषा, सगळं लावून मला गणपतीत जेवढे लोक गप्प बसवता आले नव्हते, तेवढे तू एका दगडावर बसून गप्प बसवलेस.

गाडी सुरू झाल्यावर मी म्हणालो, "मगन, तो माझा आहे."

"शे ना. कोन नही म्हनस? पन भालू, तुन्हा अमेरिकन भलता सुकेल व्हता रे. मी त्याले जरासं पानी दिधं."

"पुस्तकात घोड्याला दोन डोळे आहेत."

"पुस्तकमा घोडाना डोया लिखेल शेतस?"

नव्हते लिहिलेले. मी खिडकीबाहेर बघायला लागलो, आणि तुला वाटलं विषय संपला.

त्यानंतर ते दर खेपेला सुरू झालं. गाडी म्हसावद सोडायची आणि मागून कुणीतरी म्हणायचं, मगनभाऊ, होऊ द्या. लोक तारीख नसताना, बाजार नसताना त्या गाडीने यायला लागले. त्यावर माझा उपाय ठरलेला होता. मी उठून ड्रायव्हरच्या बाजूच्या पहिल्या सीटवर जायचो आणि कानावरून मफलर बांधायचो. वैशाखातसुद्धा. ड्रायव्हरला मी कानाच्या दुखण्याचं सांगितलं होतं. मागून हशा यायचा, मग शांतता, मग कुणीतरी नाक ओढल्याचा आवाज. विनोद कळला नाही आणि हशा तेवढा ऐकू आला, यासारखी शिक्षा नाही, मगन. बोलण्यावर जगणाऱ्या माणसाला तर नाहीच.

मग तू त्या अमेरिकनच्या पायऱ्या चढायला लागलास. जिल्हा परिषदेला उभा राहिलास. सभांचं सूत्रसंचालन मीच केलं. मी वीस मिनिटं रान पेटवायचो, आणि माझ्यानंतर तू माइक हातात घेऊन हळूच म्हणायचास, "एक वकील व्हता." संपलं. माझं पेटवलेलं रान लोक विसरून जायचे.

पहिल्यांदा पडलास. मी मनातल्या मनात, खोटं कशाला बोलू, एक छोटा पेढा खाल्ला. पण निकालाच्या दुसऱ्या दिवशी तू सरळ निवडून आलेल्याच्या घरी गेलास, त्याच्या ओट्यावर बसून जेवलास आणि त्याच्या म्हाताऱ्या आईच्या पाया पडून आलास. अख्ख्या तालुक्यात त्याचीच चर्चा. मी विचारलं तर म्हणालास, "अमेरिकननी तसंच कयं व्हतं ना."

माझ्या अमेरिकनने असलं काही केलं नव्हतं. पुस्तकात एवढंच होतं की तो एकदा पडला. बाकी जेवण तुझं होतं, ओटा तुझा होता. पण त्याचं श्रेय तू त्याला दिलंस, आणि त्याचं नाव झालं की तुझं झालं, हे आजवर मला सोडवता आलेलं नाही.

पुढच्या वेळी निवडून आलास. त्याच्यापुढची मोठी उमेदवारी दारात आली तर नको म्हणालास. का, ते कुणालाच कळेना. पुढे लोकअदालतीच्या पॅनलवर बसायला लागलास. पॅनलवर मीही होतो, हे मुद्दाम लिहून ठेवतो, कारण शोकसभेत कुणालाच आठवलं नाही. पण माझ्या टेबलावर वीजबिलं यायची. तुझ्याकडे यायचे एकमेकांशी वर्षानुवर्षं न बोललेले भाऊ, आणि जाताना एकाच मोटारसायकलवर बसून जायचे. तू फार काही बोलायचासही नाहीस. मी शेजारच्या टेबलावरून कान देऊन बघायचो, काय क्लृप्ती आहे ते. तू फक्त ऐकत बसायचास, मग दोन वाक्यं बोलायचास. डोंगरातली माणसं तेव्हापासून तुला 'जज्ज' म्हणायला लागली. कायद्याने तू जज्ज नव्हतास आणि मीही नव्हतो, पण मला कुणी चुकूनसुद्धा म्हटलं नाही.

आपला एक वाद मात्र राहूनच गेला. त्या माणसाने ऐन भरात राजकारण का सोडलं? मी म्हणायचो, घाबरला. पुढची निवडणूक हरणार हे त्याला दिसत होतं. तू म्हणायचास, त्याला बोलण्यापेक्षा ऐकणं आवडायला लागलं असेल. मी म्हणायचो, असं कुणाला आवडत नाही. तू माझ्याकडे बघून हसायचास. हा वाद आपण कोर्टाच्या आवारात घातला, पुरुषोत्तमनगरच्या एका लग्नात पंगतीत घातला, तुझ्या घरी तर किती वेळा. वहिनी एकदा पोळ्या लाटताना आतून म्हणाल्या, "भालूभाऊ, इतक्या लांबच्या मेलेल्या माणसासाठी इथली जिवंत भाजी गार करू नका." तू लगेच जेवायला बसलास. मी मुद्दा पूर्ण करून बसलो.

नंदुरबारच्या दवाखान्यात शेवटचा भेटलो तेव्हा तुझ्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. तो बाजूला करून तू म्हणालास, "भालू, पुढला भाग ऐकशी का? आठेच, या खाटवर सांगस."

मी म्हणालो, "बरा हो आधी. गाडीत ऐकेन."

तू हसलास, मग खोकलास, आणि नर्स आपल्या दोघांवर ओरडली. मी तुला धीर द्यायला तसं म्हणालो, हे खरंच आहे. पण ऐकायला बसलो असतो तर मला ऐकायचंय हे तुला कळलं असतं, हेही तितकंच खरं आहे. मी मास्क नीट बसवला आणि बाहेर आलो. वहिनी बाकावर बसल्या होत्या. त्यांनी विचारलं, काय म्हणाले. मी म्हणालो, तेच, अमेरिका.

गेल्या आठवड्यात धडगावची तारीख होती. तुझ्याशिवायची पहिली. मी सवयीने ड्रायव्हरजवळ जाऊन बसलो आणि सवयीने पिशवीतून मफलर काढला. म्हसावद गेलं. मागे कुणीच काही बोलेना. तेवढ्यात कंडक्टर सरलाताई तिकिटं फाडून झाल्यावर माझ्याजवळ येऊन उभ्या राहिल्या. तुला माहीत आहेत त्या. तुझ्या गोष्टीत मध्येच स्टॉप आला तर घंटी मारायला उशीर करायच्या.

"भालूभाऊ, आज मांगे बठा. आठे एकला काय करशात?"

मी मागे गेलो. तुझ्या जागेवर कुणी बसलं नव्हतं. मीही बसलो नाही, शेजारी बसलो. समोर जामसिंग कारभारी होता, तुझा तो जुना पावरा आदिवासी पक्षकार, जो माझ्या पक्षकाराकडून हरला होता आणि तरी दर तारखेला तुला सीताफळं आणून द्यायचा. डोंगरातली माणसं साहेबालाही 'तू' म्हणतात, तसं तो मला म्हणाला, "जाड्या वकील तूच ना?"

"कोण जाड्या वकील?"

सगळी गाडी हसली. माझ्यावर. सरलाताई म्हणाल्या, "मगनभाऊनी गोटमधला. अमेरिकनना संगे जो खाटवर झोपस. घोरस इतका की घोडी दावं तोडी पळस. अन् गोधडी सारी आपलाकडे वढी लेस."

मी म्हणालो, गोष्टीत असेल, पुस्तकात असा कुणी नाही.

"मगनभाऊना गोटमा शे," त्या म्हणाल्या. "अर्धी गोट त्यान्हीच शे."

मग एकेकाने मला सांगायला सुरुवात केली. तो जाड्या वकील कसा भर कोर्टात रडून दाखवतो आणि बाहेर येऊन जिलबी खातो. अमेरिकन निवडणुकीत पडतो तेव्हा तो कसा लपून मिठाई खातो, आणि अमेरिकनला ते माहीत असतं. अमेरिकनला ताप येतो तेव्हा तो कसा त्याची केस स्वतःच पुढे ढकलून घेतो, जिंकायची संधी सोडून, आणि नंतर वर्षभर उपकार बोलून दाखवतो. तू त्यांना सगळं सांगितलं होतंस. त्या पेढ्याचंसुद्धा, जो मला वाटत होतं मी मनात खाल्ला. आणि मी पुढे दहा हातांवर, कान बांधून, घामाघूम.

"शेवटला भाग काय होता?" मी विचारलं. मला विचारावंच लागलं.

सरलाताई सीटच्या दांड्याला टेकल्या. "मंग अमेरिकन जज्ज व्हयना. अन् त्या जाड्या वकीलनी त्यान्हावरच दावा टाका. म्हने, ह्यानी मन्ही गोट चोरी. मन्ही गोट सांगी सांगी हाऊ मोठा व्हयना."

"आमच्या पंचात ज्याचं भांडण असतं तो पंचात बसत नाही," जामसिंग म्हणाला. "म्हणून तो जज्ज खुर्चीवरून खाली उतरला."

"आणि?"

"अन् त्यानी सारासना समोर सांगं," सरलाताई म्हणाल्या, "'हाऊ माणूस खरं बोली ऱ्हायना. गोट यान्हीच शे. मन्हाकडथून ती सुटनी नही.'"

मगन, घाटातल्या त्या पंक्चरपासून आजपर्यंत हे एक वाक्य मला तुझ्या तोंडून, चारचौघांत हवं होतं. त्यासाठी मी तुझ्याशी भांडलो, रुसलो, मफलर बांधले. मी विचारलं, "हे कधी सांगितलं त्याने?"

"गया फागुनमा. तुम्ही पुढे मफलर बांधीसन बठेल व्हतात तव्हय."

भरल्या गाडीत तू कबुली दिलीस. सगळ्यांनी ऐकली. एक मी सोडून.

कुणीतरी मागून म्हणालं, मग निकाल काय लागला? फागुनातल्या त्या दिवशी तेवढ्यात धडगावचा स्टँड आला होता आणि तू गोष्ट तिथेच थांबवली होतीस, असं कळलं. पुढच्या खेपेला तू आलाच नाहीस. आता सगळे माझ्याकडे बघत होते. आयुष्यभर ज्या गर्दीसाठी मी तुझ्यावर जळलो तीच, तुझ्याच जागी, माझ्यासमोर, श्वास धरून.

"सांग," जामसिंग म्हणाला. "त्याने तर मान्य केलं. आता मागणाऱ्याने मागायचं असतं. तुला काय पाहिजे?"

काय मागू? तुझे टेम्पो मागू? तुझी ती काणी घोडी? मी घसा साफ केला, उभा राहिलो, वरचा दांडा धरला. आणि राजाचं नाही, राक्षसाचं नाही, साध्या वकिलाचं बोलणं तोंडातून आलं. मी त्यांना सांगितलं की ज्याच्यावर दावा आहे तो माणूस वारला, तर असा दावा लगेच संपत नाही. मागणाऱ्याने त्याच्या वारसांची नावं कोर्टात लावायची असतात, ठरलेल्या मुदतीत. नाही लावली तर दावा आपोआप पडतो.

"मंग लावा ना नावं," सरलाताई म्हणाल्या. "वारस कोन शेतस?"

मी गाडीभर नजर फिरवली. जामसिंग बघत होता. धडगावच्या बाजाराला निघालेल्या बायका बघत होत्या. ड्रायव्हर आरशातून बघत होता. प्रत्येकाला तो जाड्या वकील माझ्याहून जास्त ठाऊक होता. कुणाचं नाव आधी लावू आणि कुणाचं वगळू? सगळ्यांवर समन्स बजावायचं तर मला घोडीवर बसून अख्खा सातपुडा हिंडावा लागेल.

"आज नाही लावत," मी म्हणालो, आणि खाली बसलो. जामसिंगने पिशवीतून एक सीताफळ काढून माझ्या हातात दिलं. थोड्या वेळाने एका बाईने शेजारणीला अगदी पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली, कारण ती शेजारीण नवी होती. मी कान उघडे ठेवून ऐकलं. ती तुझ्याइतकं चांगलं सांगत नव्हती. माझ्यापेक्षा मात्र बरं सांगत होती.

तर मगन, स्थिती अशी आहे. वारस लावायचा अर्ज मी केलेला नाही, आणि बहुधा करणारही नाही. एक दिवस हा दावा कुणाच्या लक्षात न येता आपोआप पडेल, आणि तो अमेरिकन कायमचा त्या गाडीचा होईल. पण मुदत अजून बाकी आहे. ती संपेपर्यंत तुझ्यावर जळायचा मला कायदेशीर हक्क आहे, आणि त्यातला एकही दिवस मी तुला सोडणार नाही.

तुझा,
भालू